फोनवरचे तेवीस अंश

नागिमाला मी सव्वीस वर्षं रोज शिव्या घातल्या. शाळेच्या तळघरात तिची भट्टी आणि तिच्या बरोब्बर डोक्यावर माझं स्वयंपाकघर. तिच्या कोळशाची काजळी माझ्या धुतलेल्या पडद्यांवर बसायची आणि मी जिन्यातून ओरडायचे, "अगं ए काळतोंडे, तुझा कोळसा माझ्या रश्श्यात पडतोय!" खालून फावड्याचा खणखणाट आणि उत्तर यायचं, "पडू दे बालझान, तेवढीच चव येईल!" बालझान म्हणजे मी.

माझ्या तोंडी लागू नका असं गल्लीत सगळे एकमेकांना बजावतात, आणि ते काही खोटं नाही. पण नागिमाच्या कामाबद्दल वाकडा शब्द मी कुणाला बोलू दिला नाही. बाहेर उणे पस्तीस असताना चारशे पोरं आत नुसत्या सदऱ्यावर बसायची, ती हिच्या जिवावर. निखाऱ्यांकडे एकदा बघून ती सांगायची, अजून वीस मिनिटं. कोळशावर निळी ज्योत नाचत असते तोवर धुराड्याची झडप लावायची नाही. निळं संपलं, नुसतं लाल उरलं, की लावायची, म्हणजे ऊब घरात राहते. आधी लावलीत तर विषारी वायू आत कोंडतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस झोपेतल्या झोपेत जातो. आमच्या कारागांदा शहराभोवतीच्या कोळसाखाणींकडच्या या वस्त्यांमध्ये दर हिवाळ्यात कुणी ना कुणी असं जातंच, आणि दरवेळी चूक तीच असते: ऊब फुकट जाऊ नये म्हणून झडप लवकर लावलेली.

सहा वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, माझी गाय अडली. मी कुंपणावरून नागिमाला हाक मारली. तिचा नवरा सागिनदिक त्या दिवशी तापाने फणफणला होता. आपण नसताना त्याला हुडहुडी भरू नये म्हणून तिने निघता निघता झडप लावली. निळं होतं अजून, थोडंसंच. तासाभराचं काम म्हणून ती आली, पण वासरू आडवं निघालं आणि तीन तास गेले. ती घरी परतली तेव्हा सागिनदिक गादीवर पडलेला होता, गाल गुलाबी, चेहरा इतका टवटवीत की तिने आधी त्याला चहा टाकू का म्हणून विचारलं. दोनदा विचारलं.

मी हाक मारली नसती तर? हे मी तिच्यापुढे कधी काढलं नाही आणि तिनेही नाही. त्यानंतर मात्र जिने आयुष्यभर भट्टी सांभाळली ती बाई चुलीला हात लावीना. चूल पेटवायला मी जायचे, आणि ती तेवढा वेळ अंगणात उभी राहायची, पायात साध्या सपाता घालून.

तिचा मुलगा झानिबेक समुद्राकडच्या तेलविहिरींवर कामाला. महिनाभर तिकडे, महिनाभर घरी. त्याने आईची ही दशा बघितली आणि नवा बॉयलर आणला. घरातली विटांची चूल त्याने स्वतः घण घालून फोडली. नवा बॉयलर आपला आपण कोळसा ओढून घेतो. भिंतीवर एक पांढरी डबी, आणि घरात किती अंश आहेत ते झानिबेकच्या फोनवर. डबी स्वतः काही ठरवत नाही. ती दर मिनिटाला कंपनीच्या दूरच्या कुठल्यातरी मोठ्या यंत्राला विचारते, काय करू? आणि तिकडून हुकूम येतो.

"म्हणजे मला माझ्या घरात ऊब करायची तर तिकडच्या माणसाची परवानगी?" मी विचारलं.

"मावशी, माणूस नाही तो. सर्व्हर आहे."

"मग झालंच! त्याला तर थंडीही वाजत नसणार."

तो हसला. मीही हसले, आणि पुढच्या हिवाळ्याआधी मीही तोच बॉयलर घेतला. गल्लीतल्या अकराच्या अकरा घरांनी घेतला, एकदम घेतला तर सूट होती म्हणून. जुन्या चुली फोडून टाकल्या. उगाच नाकं मुरडणार नाही, सुख झालं. पहाटे पाचला राखेच्या बादल्या नाहीत, कंबरदुखी नाही, भिंती पांढऱ्या त्या पांढऱ्याच. आणि त्या डबीने नागिमाचा जीवही वाचवला एकदा. धुराड्यात कावळ्याचं घरटं कोसळून पडलं होतं. डबीने वायू ओळखला, बॉयलर बंद केला, आणि दीड हजार किलोमीटरवरून झानिबेकचा फोन आला, "आई, दार उघड आणि आधी बाहेर पड!" त्या दिवसापासून नागिमा ती डबी रोज मऊ फडक्याने पुसायची. गल्लीत कुणाची बिशाद नव्हती त्या डबीला नावं ठेवायची.

मागच्या शरदात कंपनीने डबीत काहीतरी नवीन धाडलं आणि बॉयलर हाताने चालवायचं बटण बंद झालं. कुठेतरी कुणीतरी हाताने चालवताना अपघात केला म्हणे. आता हाताने चालवायचा तर कंपनीकडून फोनवर आकडा यायला हवा. आम्ही म्हटलं, बरंच झालं, पोरंसोरं हात लावणार नाहीत.

आणि मग फेब्रुवारी उजाडला. नागिमाची सून मेरुएर्त बाळंत झाली होती. मुलगी, इंझू, एकोणीस दिवसांची. आमच्याकडे चाळीस दिवस बाळाला उंबरठ्याबाहेर काढत नाहीत, आणि नागिमाचा पहारा तर असा की विचारू नका. मी तळलेल्या बाउरसाकांचं ताट घेऊन गेले तर मला बाहेरच्या खोलीत उभं केलं. "आधी हात गरम कर, मग बाळाकडे बघ." मी म्हटलं, "अगं, मी काय यमदूत आहे?" तर म्हणते, "तुझे हात तसेच गार आहेत."

बुरान सुटून तिसरा दिवस होता. बर्फ आणि वारा असा की अंगणातलं कुंपण दिसेना. आमच्या गल्लीमागच्या वस्तीत दोन वर्षांपूर्वी एक धडधाकट माणूस घर आणि गोठा यांच्यामध्ये हरवला आणि बर्फ वितळल्यावर सापडला, म्हणून अशा दिवसांत कुणी पाऊल बाहेर टाकत नाही. सकाळी सातला मला जाग आली ती नाक गार पडल्यामुळे. डबीवर लाल ठिपका. बॉयलर थंड. मी अंगावर होतं नव्हतं ते चढवलं आणि कुंपणाची एकेक फळी चाचपत नागिमाकडे गेले.

नागिमा दोन्ही तळवे पाइपवर टेकवून उभी होती. मेरुएर्त पलंगावर, बाळाला उराशी घेऊन, तीन रजयांत. टेबलावरच्या फोनमधून झानिबेकचा आवाज येत होता.

"आई, घरात तेवीस अंश आहेत. माझ्या डोळ्यांसमोर दिसताहेत."

"पाइप गार आहे रे. बर्फासारखा."

"तुला वाटत असेल. थकली असशील. बाळाचं जागरण..."

"झानिबेक, सव्वीस वर्षं मी हाताने..."

"आई." त्याने तिला मधेच तोडलं. दमलेला होता, रात्रपाळी करून आला होता, मला सगळं मान्य आहे. "बाबांच्या वेळीही तुला सगळं ठीकच वाटलं होतं ना?"

पाइपवरचे हात नागिमाने काढून घेतले आणि पदराआड लपवावेत तसे काखेत दडवले. तेवढ्यात मेरुएर्तने झटकन फोन उचलला. "तेवीस? ये ना मग, बस येऊन तुझ्या तेविसात! तुझ्या मुलीच्या तोंडातून वाफ निघतेय!" आणि बाळाचा फोटो काढून पाठवला.

फोटो बघून त्याने तिकडे सगळं तपासलं. मग झानिबेकचा आवाज बदलला. तो आकडा पहाटे चारचा होता. चारला कंपनीचं ते मोठं यंत्र मेलं होतं आणि मरताना जे शेवटचं पाठवलं तेच फोनवर चिकटून राहिलं होतं. डबी दहा मिनिटं "काय करू, काय करू" विचारत राहिली. उत्तर आलं नाही, तेव्हा तिला शिकवल्याप्रमाणे तिने सुरक्षेसाठी बॉयलर बंद केला. अकराही घरांत. हाताने चालवायला आकडा हवा, आणि आकडा पाठवणार तेच मेलेलं यंत्र.

मी कंपनीला फोन लावला. एक गोड बाई म्हणाली, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी तिला चाळीस मिनिटं शिव्या दिल्या आणि मग लक्षात आलं की तो रेकॉर्ड केलेला आवाज आहे. बॉयलरचं तोंड उघडून लाकडं पेटवून बघितली, पण आतला पंखाही डबीच्याच हुकमातला. सगळा धूर खोलीत आला. नागिमा किंचाळली, "विझव! विझव आधी!" तिचे ओठ पांढरे पडले होते.

मग जे प्रत्येक घराने केलं तेच आम्हीही केलं. विजेचा छोटा हीटर लावला. अकरा घरांत अकरा, कुठे दोन, कुठे तीन. साडेदहाच्या सुमाराला खांबावर बंदुकीसारखा बार झाला आणि ट्रान्सफॉर्मर गेला. वीज गेली. मी फोन लावला तर मदतकेंद्राचा माणूस म्हणाला, "गाडी काढलीये, पण रस्ताच नाही. उद्या सकाळ धरून चाला." ज्यांच्याकडे अजून चुली होत्या ती घरं माळापलीकडे, किलोमीटरभर. त्या वाऱ्यात त्यापेक्षा चंद्र जवळ. दुपारी एकला भिंतीवरचा पारा सातवर आला.

"न्हाणीघरात चूल आहे," मी म्हणाले.

अंगणाच्या टोकाला त्यांचं न्हाणीघर, शनिवारी वाफ घ्यायला मीही तिथेच जायचे. पातळ लोखंडी पत्र्याची चूल, जुनी, धुराड्याला झडप असलेली. ती शनिवारची चूल इतकी वर्षं मीच पेटवत आले होते आणि निखारे विझल्यावरच नागिमा आत यायची.

"तू पेटव," ती म्हणाली.

"पेटवते. पण या वाऱ्यात ती चालवणं मला जमायचं नाही. मी स्वयंपाकीण आहे, बाई. हे तुझं काम."

"बाळाला चाळीस दिवस झालेले नाहीत."

"इथे ठेवलंस तर वीसही होणार नाहीत!"

बोलून गेले आणि जीभ चावली. मेरुएर्तने एक हुंदका दिला. नागिमाने आपला मेंढीच्या कातड्याचा कोट उतरवला, बाळाला मेरुएर्तच्या छातीशी बांधलं आणि दोघींवर मिळून तो कोट चढवला. दाराच्या कडीला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक घेऊन ती पुढे, मध्ये मेरुएर्त, मागे मी. बारा पावलांची वाट. मधेच मला पुढच्या दोघी दिसेनाशा झाल्या आणि मी दोराला मूर्खासारख्या हाका मारत होते.

चूल पेटली. बॉयलरच्या टाकीतला कोळसा मी बादल्यांनी आणला. पण वरून वारा असा ओढत होता की ज्वाळा सरळ धुराड्यात. झडप पूर्ण उघडी, म्हणजे सगळी ऊब आकाशात. चुलीपासून दोन हातांवर पाणी गोठत होतं. तासाभराने पारा चार.

"आपा, झडप थोडी लावा," मेरुएर्त म्हणाली. सासूला ती आपाच म्हणते.

नागिमाचा हात झडपेच्या मुठीपर्यंत गेला आणि परत आला. "निळं आहे."

"अर्धी तरी लावा."

"निळं आहे ना!"

वाऱ्यात नवा कोळसा जळत असताना निळं असणारच, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. अर्धी झडप लावून, दाराला फट ठेवून, समोर बसून राहायचं, एवढाच उपाय. शाळेच्या भट्टीत असल्या वाऱ्यात तिने शंभरदा केलेला. तिसऱ्यांदा हात गेला आणि परत आला.

मग मेरुएर्त अगदी हळू म्हणाली, "आपा, ती रडायची थांबलीये."

मी कोटात हात घातला. इंझूचे पाय माझ्या बोटांपेक्षा गार होते. डोळे मिटलेले. मी आयुष्यात पुष्कळ भ्याले आहे, पण तसं कधीच नाही. आणि सहा वर्षं घशात अडकलेलं तेव्हा बाहेर पडलं.

"नागिमा, त्या दिवशी मी हाक मारली म्हणून तू घर सोडून गेलीस. ऐकतेस का? मी मारली हाक! आज तुला कुणी कुठे बोलावत नाहीये. झडप लाव आणि इथे माझ्यासमोर बस."

तिने माझ्याकडे बघितलं. मग मूठ पकडली आणि झडप ढकलली, बोटभर, मग आणखी बोटभर. वाऱ्याचा घुं घुं आवाज खाली उतरला. चुलीचा पत्रा हळूहळू लाल व्हायला लागला.

त्यानंतर ती एकदम तळघरातली नागिमा झाली. मेरुएर्तला जमिनीवर दाराशी बसवलं, दाराच्या फटीत लाकडी पळी अडकवली. आणि म्हणाली, "आता सात पिढ्या म्हणा. आपापल्या. मोठ्याने, एकीमागून एक, थांबायचं नाही. जी अडखळेल तिला वायू चढला."

आमच्याकडे पोराला बोलता यायला लागलं की बापाच्या सात पिढ्यांची नावं पाठ करून घेतात. मेरुएर्तने शाळेतल्या कवितेसारखी घडाघडा म्हटली. नागिमाने म्हटली. माझी पाळी आली. बाप, आजोबा, पणजोबा... आणि पुढे कोरं. चौथं नाव येईचना.

नागिमाने लाथ मारून दार उघडलं, माझी मानगूट धरली आणि मला अर्धं बर्फात फेकलं.

"अगं, मला खरंच आठवत नाहीये!" मी ओरडले.

"काल आठवत होतं?"

"कालही आठवत नव्हतं!"

मेरुएर्त हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. पण खरं सांगू? माझं डोकं ठणकत होतं. ते म्हातारपण होतं की वायू, मला आजही ठाऊक नाही. नागिमाने धोका पत्करला नाही. झडप दोन बोटं उघडली, मला मुलीसारखं दटावून आजोळची नावं म्हणायला लावली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. चौथ्या फेरीला कोटाच्या आतून एक बारीक चिरका आवाज आला. मग मोठा. मग इंझूने असं भोकाड पसरलं की आम्ही तिघी नावं विसरून ऐकतच राहिलो. नागिमा लगेच खेकसली, "म्हणा! थांबलात का?"

बर्फ काढणारी गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आली. तोवर तिने झडपेची मूठ सोडली नव्हती. उजव्या तळव्याची कातडी मुठीला चिकटून निघाली.

झानिबेक चौथ्या दिवशी पोचला. तोपर्यंत बॉयलर चालू झाले होते आणि सगळ्यांच्या फोनवर संदेश आला होता: सेवा पूर्ववत झाली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तो आईच्या पायाशी बसला, पट्टी बांधलेला तो हात त्याने कपाळाला लावला आणि लहान पोरासारखा रडला. "मी ते बोलायला नको होतं, आई."

"खरं तेच बोललास," नागिमा म्हणाली. रागाने नाही, अगदी साधं. त्याला ते जास्त लागलं असणार.

बॉयलर ठेवायचा असं ठरलं. वायू ओळखणारी दुसरी सोय कुणाकडे आहे? पण घरात विटांची चूलही पुन्हा हवी. मीही माझ्याकडे बांधून घेतली. चुली बांधणारा म्हातारा गेओर्ग वसंतात आला, तीन दिवस विटा रचत राहिला. धुराड्यापर्यंत पोचल्यावर त्याने पोत्यातून बिडाची झडप काढली.

"ती नको," नागिमा म्हणाली.

"झडपेशिवाय चूल?" गेओर्ग हसला. "बाई, अर्धी ऊब आभाळात जाईल."

"जाऊ दे. कोळसा जास्त घालू."

झानिबेक पुढे झाला. इंझू त्याच्या कडेवर होती. बिचारा आईला बरं वाटावं म्हणूनच म्हणाला, "बसवू दे गं आई. त्या दिवशी तूच तर वाचवलंस सगळ्यांना. घाबरायचं काय त्यात? तू आहेस ना."

"मी आहे म्हणूनच नको," नागिमा म्हणाली.

गेओर्गने माझ्याकडे बघितलं, मी नकारार्थी मान हलवली, आणि त्याने झडप परत पोत्यात टाकली.